पीयूसीत नापास झालेली गाडी : कॅटकॉन बदलण्याआधी दोष ओळखा

छोट्या व्यापाऱ्याचा आणि कारागिराचा धंदा आज गाडीवर उभा आहे. भिवंडी-मालेगावचा कपडा असो, सोलापूरची चादर असो की कुर्ल्याच्या कारखान्यातला तयार माल असो, तो गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला एखादी पेट्रोल व्हॅन किंवा जुनी मोटार लागतेच. ही गाडी पीयूसी तपासणीत नापास झाली की मालकाला दोन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, "कॅटकॉन गेला, नवा टाका." दुसरा हळूच म्हणतो, "गाडी आणूच नका, थोडे पैसे वर द्या, प्रमाणपत्र मिळून जाईल." पहिल्या सल्ल्याने पुष्कळदा पैसा वाया जातो आणि दुसऱ्याने इमान जाते. सदर लेखात तिसरा रस्ता सांगितला आहे. तपासणीच्या पावतीवरील आकडे वाचून आधी मर्ज ओळखावा, मग इलाज करावा आणि गाडी खऱ्या अर्थाने पास करून घ्यावी.

कॅटकॉन म्हणजे काय?

इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही. त्यामुळे धुरात तीन घातक वायू राहतात. पहिला कार्बन मोनॉक्साइड, ज्याला पावतीवर सीओ म्हणतात. दुसरा न जळलेल्या पेट्रोलचा अंश, म्हणजे हायड्रोकार्बन किंवा एचसी. तिसरा नायट्रोजनचे ऑक्साइड. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधल्या नळीत एक डबा असतो. त्याच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीसारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ थर असतो. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मिस्त्री लोकांचा 'कॅटकॉन'.

या धातूंचे काम बाजारातल्या दलालासारखे आहे. दलाल घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देतो, सौदा होतो आणि दलाल पुढच्या सौद्यासाठी पेढीवर तसाच बसलेला असतो. त्याचप्रमाणे हे धातू विषारी वायूंची ऑक्सिजनशी गाठ घालतात. सीओचा कार्बन डायऑक्साइड होतो, एचसीचे कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधून साधा नायट्रोजन वेगळा होतो. धातू स्वतः खर्च होत नाहीत. मात्र दोन अटी आहेत. जाळी तापलेली हवी, सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढेच तिचे काम नीट सुरू होते; आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचा व पेट्रोलचा हिशेब बरोबर हवा.

आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटकॉन सक्तीचा झाला. पेट्रोलमधील शिसे या धातूंवर थर धरून त्यांना निकामी करते, म्हणून त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोल आले. २००० साली ते देशभर झाले.

तपासणीत काय मोजतात?

पीयूसी केंद्रावर धुराच्या नळीत सळई घालून यंत्राने वायू मोजतात. पेट्रोल मोटारींच्या मर्यादा गाडी कोणत्या मानकाची आहे यावर ठरतात. बीएस-२ व बीएस-३ च्या मोटारींना इंजिन मंद चालीवर असताना सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७५० भाग, इथपर्यंत सूट आहे. बीएस-४ व त्यानंतरच्या मोटारींना सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम एवढीच सूट आहे. शिवाय इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर ठेवून दुसरे माप घेतात. त्यात सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि 'लॅम्डा' ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. लॅम्डासाठी कंपनीने वेगळी मर्यादा जाहीर केली असेल तर ती धरतात.

लॅम्डा हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. कापडात ताणा आणि बाणा प्रमाणात लागतो, तसे इंजिनात हवा आणि पेट्रोल प्रमाणात लागते. लॅम्डा १ म्हणजे प्रमाण बरोबर. १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त, १ पेक्षा अधिक म्हणजे हवा जास्त.

बीएस-४ हे मानक २०१० साली मुंबई, पुणे व सोलापूर धरून देशातील १३ शहरांत लागू झाले, १ एप्रिल २०१७ पासून देशभर आले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सुरू झाले. आपली गाडी कोणत्या मानकाची आहे हे आरसी बुकावर किंवा परिवहन खात्याच्या 'वाहन' नोंदीत पाहावे. नव्या गाडीला पहिले वर्ष प्रमाणपत्र लागत नाही. त्यानंतर बीएस-४ व बीएस-६ गाड्यांचे प्रमाणपत्र बारा महिने आणि त्याआधीच्या गाड्यांचे सहा महिने चालते.

गाडी नापास झाली तर केंद्राने नापास झाल्याची छापील पावती द्यावी, असा नियम २०२१ साली देशभर एका नमुन्यात आला आहे. ही पावती मागून घ्या. ती फेकून देण्याचा कागद नव्हे. डॉक्टरसाठी जसा रक्ताचा रिपोर्ट, तशी मिस्त्रीसाठी ही पावती. यंत्राचीच शंका असेल तर तीच पावती घेऊन दुसऱ्या केंद्रावर तपासून घेण्याचा मालकाला हक्क आहे.

आकडे वाचायला शिका

खालील चार उदाहरणे बीएस-४ गाडीची आहेत. इंजिन नीट तापलेले आहे असे धरले आहे.

१) सीओ १.८, एचसी २६०, लॅम्डा ०.९५. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात आहे. तुंबलेला एअर फिल्टर, गळणारा इंजेक्टर, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर किंवा इंजिन थंडच आहे असे सांगणारा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, यांपैकी काही तरी आहे. अशा गाडीचा ॲव्हरेजही पडलेला असतो. येथे नवा कॅटकॉन घातला तर जादा पेट्रोल त्यालाही खाईल.

२) सीओ ०.२, एचसी ४८०, लॅम्डा १.०१. सीओ मर्यादेत आहे पण न जळलेले पेट्रोल बाहेर येत आहे. म्हणजे गाडी 'मिसिंग' मारते आहे. जुने प्लग, कमजोर इग्निशन कॉइल किंवा एखाद्या सिलिंडरचे कमी कॉम्प्रेशन तपासावे. सीएनजी गाडीत हा दोष लवकर दिसतो, कारण गॅसला ठिणगी जोरदार लागते.

३) सीओ ०.१, एचसी ९०, लॅम्डा १.१०. वायू कमी पण हवा जास्त. बहुधा सायलेन्सरच्या नळीला भोक पडले आहे किंवा जोडाचे पॅकिंग गेले आहे आणि बाहेरची हवा आत शिरते आहे. वेल्डिंग किंवा नवे पॅकिंग एवढ्यात काम होते. तेथे सर्व ठीक असेल तर इंजिनाच्या हवेच्या नळ्यांत लीकेज शोधावे.

४) सीओ ०.६, एचसी २८०, लॅम्डा १.००. हवा-पेट्रोलचा हिशेब बरोबर आहे, तरी विषारी वायू आणि त्यांना जाळू शकणारा ऑक्सिजन दोन्ही एकत्र बाहेर येत आहेत. घेणारा आहे, विकणारा आहे, पण दलाल पेढीवर नाही. येथे कॅटकॉनवर संशय घेणे रास्त आहे.

चारपैकी तीन उदाहरणांत मूळ दोष कॅटकॉनमध्ये नाही. तेथे तो बदलणे म्हणजे दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला!

कॅटकॉन कशाने मरतो?

कॅटकॉन बहुधा आपल्या मौतीने मरत नाही, त्याला इंजिन मारते. मिसिंग मारणाऱ्या गाडीतले कच्चे पेट्रोल त्याच्या तापलेल्या जाळीवर जाऊन जळते, उष्णता बेसुमार वाढते आणि जाळी वितळून गोळा होते. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधील फॉस्फरस धातूंवर थर धरतो. भेसळीचे पेट्रोलही धोक्याचे आहे. खड्डा किंवा उंच गतिरोधक खालून लागला तर ठिसूळ जाळी फुटते. तापलेला डबा एकदम पावसाच्या साचलेल्या पाण्यात बुडाला तरी तिला तडा जाऊ शकतो.

म्हणून नवा कॅटकॉन घालण्याआधी जुना कशाने मेला हे मिस्त्रीला विचारा. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका. कारण जागेवर राहिले तर नवाही त्याच वाटेने जाईल.

खरेच गेला आहे काय, हे कसे पाहावे?

पहिले काम स्कॅनर लावणे. बीएस-४ व त्यापुढील गाड्यांत इंजिनाचा संगणक दोष नोंदवून ठेवतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो. 'पी ०४२०' हा आकडा आला तर कॅटकॉनचे काम अपुरे आहे असा त्याचा अर्थ. पण त्यासोबत 'पी ०३००' च्या मालिकेतला, म्हणजे मिसिंगचा आकडा असेल, किंवा 'पी ०१७१' अथवा 'पी ०१७२', म्हणजे हवा-पेट्रोलच्या हिशेबाचा आकडा असेल, तर आधी तो दोष दूर करावा. नोंद पुसून गाडी काही दिवस चालवावी आणि पुन्हा पाहावे. नुसती नोंद पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

दुसरे काम दोन ऑक्सिजन सेन्सर पाहणे. एक कॅटकॉनच्या पुढे असतो, एक मागे. गाडी तापल्यावर बहुतेक गाड्यांत पुढच्याचा आकडा सतत वर-खाली होतो आणि मागच्याचा जवळजवळ स्थिर असतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला तर मधली जाळी काम करत नाही. मात्र त्या भागात नळीचे लीकेज नाही याची आधी खात्री करावी, नाही तर मागचा सेन्सर चुकीची गवाही देतो.

तिसरे काम हाताने तपासण्याचे. इंजिन थंड असताना डब्यावर रबरी हातोडीने हलके ठोकावे. आत खडखड वाजले तर जाळी फुटली आहे. गाडीला पिकअप नाही, चढावर दम टाकते आणि वेग वाढवला की श्वास कोंडल्यासारखी होते, तर जाळी तुंबल्याची शंका घ्यावी. पुढच्या सेन्सरच्या जागी दाबाचे मीटर लावून मिस्त्री त्याची खात्री करू शकतो.

तपासणीला जाताना

दुरुस्ती झाल्यावर पुढील गोष्टी कराव्यात. या पळवाटा नाहीत. कॅटकॉनला त्याच्या योग्य उष्णतेवर आणून मोजायला देणे एवढाच त्यांचा हेतू आहे.

१) गाडी १५ ते २० मिनिटे मोकळ्या रस्त्यावर चालवून थेट केंद्रावर जावे. रांगेत बराच वेळ मंद चालीवर उभी राहिली तर जाळी थंडावते. अशा वेळी आपला नंबर येण्याआधी पुन्हा एक फेरी मारावी.

२) इंजिन ऑइल काळे-पातळ झाले असेल तर आधी बदलावे. जुन्या ऑइलमध्ये मिसळलेल्या पेट्रोलची वाफ पुन्हा इंजिनात जाऊन आकडे वाढवते.

३) एअर फिल्टर व प्लग पाहावेत. या दोन स्वस्त वस्तूंनीच कित्येक गाड्या पास होतात.

४) एसी, दिवे बंद ठेवावेत आणि सळई नळीत पुरेशी आत गेली आहे हे स्वतः पाहावे.

टाकीत ओतायच्या औषधांच्या बाटल्या पुष्कळ विकल्या जातात. इंजेक्टरमधला मळ त्यांनी थोडाफार निघतो. पण वितळलेली किंवा फुटलेली जाळी कोणत्याही बाटलीने सांधत नाही. फाटलेल्या थानाला इस्त्री केली म्हणून ते सांधले जात नाही.

नवा घ्यावाच लागला तर

गाडीची वॉरंटी शिल्लक आहे काय हे प्रथम पाहावे. मूळ कंपनीचा कॅटकॉन महाग असतो. काही गाड्यांत किंमत दहा हजारांच्या पटीत जाते. बाजारातला स्वस्त माल दिसायला तसाच असतो, पण किंमत डब्याची नसून आतल्या धातूची असते आणि स्वस्त मालात धातू कमी असतो. पक्के बिल घ्यावे, गाडीच्या मॉडेलचा व मानकाचा उल्लेख बिलावर करून घ्यावा आणि काही महिन्यांची हमी लेखी मागावी. बसवल्यावर पुन्हा माप घेऊन जुन्या पावतीशी ताडून पाहावे.

जुना डबा गॅरेजवर सोडून येऊ नये. त्यातल्या धातूंमुळे भंगारात त्याला चांगला भाव येतो. तो परत घ्यावा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी. भंगाराच्या धंद्यातील आपल्या बांधवांना एक विनंती आहे. ही जाळी दुकानात हाताने फोडू नका. तिची बारीक धूळ फुप्फुसात गेली तर नुकसान करते. डबा अख्खाच पुढच्या व्यापाऱ्याला द्यावा.

खोटी युक्ती, खोटी गवाही

काही ठिकाणी डबा कापून जाळी काढून टाकतात आणि रिकामा डबा पुन्हा वेल्ड करतात. मागच्या सेन्सरला फसवण्यासाठी त्याच्याखाली पोकळ नट बसवतात. दिवा विझतो, धूर तसाच राहतो. कंपनीने बनवलेल्या रचनेत असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. याच कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यास अपात्रता सांगितली आहे. प्रमाणपत्राची नोंद आता राष्ट्रीय नोंदवहीत जाते, त्यामुळे खोटा कागद खिशात ठेवून भागण्याचे दिवस उरलेले नाहीत.

दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी प्रश्न संपत नाही. माप-तोलात कमी देऊ नये ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. कापडाच्या दुकानात गज आखूड ठेवणाऱ्याला आपण बेईमान म्हणतो. मग हवा मोजण्याचे माप खोटे करणाऱ्याला काय म्हणावे? प्रमाणपत्र ही एक गवाही आहे. गाडी न पाहता ती देणारा खोटी गवाही देतो आणि पैसे देऊन ती घेणारा त्यात भागीदार होतो. पीयूसी केंद्रे आणि गॅरेज चालवणारे आपले अनेक बांधव आहेत. त्यांनी याचा विचार करावा. गिऱ्हाईक नाराज होऊन गेले तरी चालेल, कमाईतली बरकत जाऊ नये.

हाच नियम जुनी गाडी विकताना लागू आहे. थानात डाग असेल तर तो दाखवून विकणे हा खऱ्या व्यापाऱ्याचा धर्म. कॅटकॉन गेलेली गाडी विकायची असेल तर तो ऐब सांगून, भाव कमी करून विकावी. घेणाऱ्यानेही सौदा ठरवण्याआधी गाडी पीयूसी केंद्रावर नेऊन आकडे पाहावेत. त्या मापाला खर्च फार थोडा आणि त्यातून इंजिनाची अर्धी हकीकत कळते.

गोदामातील धोका

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सीओ वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. आधी डोके दुखते, चक्कर येते आणि पुढे माणूस शुद्ध हरपतो. पावसात किंवा रात्री माल भरताना गाडी गोदामात घेऊन शटर अर्धे ओढायचे आणि इंजिन चालूच ठेवायचे, ही सवय जिवावर बेतू शकते. कॅटकॉन ठीक असला तरी थंड इंजिनावर तो काम करत नाही. मग तो बिघडलेला असेल तेव्हाची गोष्ट काय सांगावी! पुष्कळ कारखान्यांत कारागीर तेथेच झोपतात. परगावचे हे पोरगे आपल्या भरवशावर आलेले असतात. त्यांचा जीव मालकाकडे अमानत आहे. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, असा नियम दाराशी मोठ्या अक्षरांत लिहून लावावा आणि मालकाने तो स्वतः पाळावा.

सारांश, नापास झाल्याची पावती जपून ठेवावी, आकड्यांवरून दोष ओळखावा, स्वस्त कारणे आधी दूर करावीत आणि कॅटकॉन शेवटी बदलावा. गाडी खरीखुरी पास झाली की ॲव्हरेज सुधारतो, इंजिन टिकते आणि जिथे आपली गाडी रोज उभी राहते त्या गल्लीतल्या लहान मुलांना थोडी स्वच्छ हवा मिळते. धंद्याचा फायदा आणि पडोशाचा हक्क, दोन्ही एकाच कामात साधतात.